तिसऱ्या पकडीला चार

मी पहिल्यांदा ती मॅच बघायला गेलो तेव्हा मैदानात खेळाडू सव्वीस होते आणि प्रेक्षक अकरा. त्या अकरांतला एक जण कुत्र्याला फिरवायला आलेला होता. ऐंशीच्या दशकातलं अमेरिकेतलं ॲन आर्बर, विद्यापीठाचं गाव. शनिवारी मोठ्या स्टेडियममध्ये फुटबॉलला लाखभर माणूस जमायचं, आणि तिथून दोन मैलांवरच्या एका सार्वजनिक मैदानात आमचा संघ अकरा माणसांसमोर चिखलात लोळायचा.

'आमचा' म्हणतोय, पण मी खेळत नव्हतो. आमच्या लॅबमध्ये उत्तर इंग्लंडमधला एक पोस्टडॉक होता. तिकडे लहानपणापासून रग्बी लीग खेळलेला. त्याने हौसेने अमेरिकन पोरं जमवली आणि संघ काढला. आजूबाजूच्या गावांतही असेच हौशी तीन-चार संघ होते. कप्तान तोच, प्रशिक्षक तोच, जर्सी धुणाराही तोच.

खेळ त्याने मला लॅबमधल्या फळ्यावर समजावला, आणि मला तो पाच मिनिटांत कळला. कारण मी कॉलेजात कबड्डी खेळलो होतो. चेंडू घेऊन घुसायचं, समोरच्यांनी पकड करायची. पकड झाली की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा घुसायचं. अशा सहा पकडी मिळतात. सहाव्या पकडीनंतर चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाच पकडी झाल्या की शहाणा संघ चेंडू लांब लाथाडून देतो. आणि समोरच्यांचा सगळ्यात मागे उभा असलेला गडी तो झेलायला आधीच आणखी मागे पळतो. आमच्या संघात तो मागचा गडी म्हणजे कप्तान. एवढं लक्षात असलं की पुरे.

त्या दिवशी मॅच संपल्यावर कप्तान मला म्हणाला, "आमच्याकडे अंत्ययात्रेला याच्यापेक्षा जास्त आवाज असतो. तुम्हा लोकांना आवाज करता येतो का?"

मी म्हणालो, "आवाज ही आमच्याकडची अडचण नाही."

मी तसा घुमा माणूस. चारचौघांत तोंड उघडायला मला घाम फुटतो. पण हे काम मी अंगावर घेतलं. मराठी मंडळाच्या कोजागिरीला उभं राहून चक्क आवाहन केलं. मंडळाचे अध्यक्ष गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होते. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. ते म्हणाले, "शनिवारी सगळे मॉलमध्येच हिंडतात, त्यापेक्षा हे बरं. चिवडा आम्ही आणू." काकू म्हणाल्या, "चिवडा 'आम्ही' आणू म्हणजे मी करणार, हे लिहून घ्या."

आणि खरंच माणसं आली. पहिल्या शनिवारी चार गाड्या, दुसऱ्या शनिवारी नऊ. थर्मास, सतरंज्या, कानटोप्या. पण नुसती माणसं आली म्हणून वातावरण होत नाही. मराठी माणूस मॅच बघताना पन्नास टक्के गप्प असतो आणि पन्नास टक्के शेजाऱ्याला समजावत असतो. कोणी तरी सूत्र हातात धरावं लागतं.

ते सूत्र माझ्या रूममेटने धरलं.

तो नागपूरचा. संख्याशास्त्रात पीएचडी करत होता. आम्ही दोन वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहिलो, एका कुकरमध्ये जेवलो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो बँडपथकात साइड ड्रम वाजवायचा, हे मला माहीत होतं. मी मॅचचं सांगितलं तसा तो एका गॅरेज सेलमधून शाळेच्या बँडचा जुना ड्रम घेऊन आला. कातडं बदललं, दोन संध्याकाळी दोऱ्या आवळत बसला.

"अबे, तुमचं ओरडणं म्हणजे नुसता गोंधळ आहे," तो म्हणाला. "खेळणाऱ्याला त्याचा काय फायदा? त्याचं डोकं खाली, अंगावर तीन जण. कितवी पकड झाली हे त्याला कुठे कळतं? ते आपण सांगू."

मग त्याने पद्धत बसवली. प्रत्येक पकडीला ड्रमचा एक ठोका आणि सगळ्यांनी मिळून आकडा. एक. दोन. तीन. चार. पाचवीला ड्रम घुमवायचा आणि सगळ्यांनी लाकडी ब्लीचर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, पाय आपटत लांबलचक "पाऽऽऽच!" ओरडायचं. आकडे मराठीतच, कारण समोरच्यांना कळता कामा नयेत. आमच्या संघातल्या गोऱ्या पोरांना त्याने एक ते पाच पाठ करून घेतले. 'पाच' त्यांना झकास जमला. 'तीन' मात्र ते असा म्हणायचे की तो ऐकून काकू हसून हसून आडव्या व्हायच्या. समोरच्यांकडे चेंडू असतानाही आम्ही मोजायचो, म्हणजे आपल्या बचावाला कळावं. माझ्याकडे बॅटरीवरचा कर्णा होता. मोजणी त्याची: तो ठोका देऊन मला आकडा सांगायचा, मी तो कर्ण्यातून द्यायचो, आणि मागून साठ-सत्तर माणसं. हो, साठ-सत्तर. अमेरिकन विद्यार्थीही येऊ लागले होते. आमचा संघ त्या मोसमात सलग चार मॅच जिंकला. कप्तान लॅबमध्ये भेटेल त्याला सांगायचा, "मी आता मान वर करून बघतच नाही. ऐकतो."

एक गोष्ट मघाशीच सांगायला हवी होती. ड्रम पहिल्यांदा आणला त्या दिवशी काका कौतुकाने म्हणाले, "वा! वाजवण्यात ही मंडळी पक्की हो. रक्तातच असतं."

माझा मित्र दोऱ्या नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, माझ्या आजोबांनी वाजवणं सोडलं होतं. शपथ घेऊन. मी कॉलेजच्या बँडमध्ये नोटेशन वाचून शिकलो."

"तेच ते," काका म्हणाले.

मी हसलो. कोणाच्या बाजूने हसलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण हसलो.

मोसम संपायला दोन मॅच उरल्या होत्या. समोरचा संघ तगडा, पण खेळाला नवखा. पहिल्या अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की ते आमचे आकडे शिकलेत. आमचा "पाऽऽऽच" ऐकला की त्यांचा लाथ मारणारा गडी कान टवकारायचा आणि पुढच्याच चेंडूला लाथ घालायचा. पंचाकडे बघायचाही नाही.

मध्यंतरात मी मित्राला बाजूला घेतलं. "ऐक ना. त्यांच्याकडे चेंडू असताना आपण एक आकडा खाऊ. तिसऱ्या पकडीला चार म्हणू. ते लवकर लाथ मारतील, चेंडू आपला."

कॉलेजात कबड्डीच्या वेळी आम्ही हे सर्रास करायचो. समोरचा चढाईला आला की रेषेबाहेरून "वेळ संपली!" ओरडायचं, तोंडाने पंचाची शिट्टी वाजवायची. याला कोणी लबाडी म्हणत नसे. गनिमी कावा म्हणत.

तो म्हणाला, "नाही."

"अरे, गंमत आहे यार."

"आपले लोक काय कानात बोळे घालून खेळतात? तेही तेच ऐकतात ना बे. मोजणी एकदा खोटी केली की मग ती मोजणी नाही. मी बरोबरच वाजवणार."

"बरं बाबा," मी म्हणालो.

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि समोरचे मैदानाच्या मध्याशी पोचले होते. एक. दोन. मग तिसरी पकड झाली आणि मी कर्णा तोंडाला लावून "चार!" म्हणालो. ठरवून म्हणालो. तोंडातून निसटलं वगैरे नाही. मागच्या सगळ्यांनी "चार!" केलं. ड्रमचा ठोका एकच पडला, बरोबर पडला, पण ठोका हा ठोकाच. तो तिसरा की चौथा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. पुढची पकड झाली. मी "पाऽऽऽच!" म्हणालो. सत्तर माणसांनी ब्लीचर्सवर पाय आपटले. ड्रम घुमला नाही. पण त्या पायांच्या गडगडाटात ते कोणाला कळणार?

समोरच्यांनी लाथ मारली नाही. बहुधा त्या एकाच वेळी ते पंचाकडे बघत होते. आमचा कप्तान मात्र "पाऽऽऽच" ऐकून पाठ फिरवून मागे पळाला, चेंडू झेलायला. त्यांचा एक धिप्पाड गडी मोकळ्या जागेतून सरळ आत आला. आरडाओरडा ऐकून कप्तान पळता पळता गर्रकन वळला. पाय चिखलात रुतलेलाच राहिला आणि गुडघा फिरला. मग तो माणूस त्याच्यावर पडला.

तो आवाज मी वर्णन करणार नाही.

आम्ही सगळे धावलो. मॅच थांबली. कप्तान चिखलात पडलेला, चेहरा पांढराफटक. कोणी तरी अँब्युलन्सला फोन करायला रस्त्यापलीकडे पळालं. कप्तानाने दात आवळून विचारलं, "मोजलं कोणी? पंच म्हणतोय, चारच झाल्या होत्या. मोजलं कोणी?"

माझ्या हातात कर्णा होता. मी तो नकळत खाली, मांडीमागे नेला. मित्राच्या गळ्यात ड्रम होता, तो काही मागे नेता येत नव्हता. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"माझा ठोका बरोबर होता," तो इंग्रजीत म्हणाला. एवढंच. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी काय करायला हवं होतं हे लिहायची गरज नाही. तीन शब्दांचं काम होतं. मी कप्तानाच्या डोक्याखाली स्वेटरची घडी सारण्यात गुंतलो. फार काळजीपूर्वक सारली. एक माणूस त्या स्वेटरची जितकी काळजी घेऊ शकतो तितकी घेतली.

काका मोठ्याने, समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे रे, होतं असं. लक्ष गेलं असेल इकडे तिकडे." आणि मग मराठीत, जरा हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मोजायचं काम त्याच्याकडे द्यायलाच नको होतं. वाजवणं वेगळं."

काकू म्हणाल्या, "हो ना. तरी मला वाटतच होतं."

संख्याशास्त्राचा विद्यार्थी होता तो. आमच्यातल्या कोणाहीपेक्षा त्याला जास्त मोजता येत होतं. त्याने ड्रम गळ्यातून काढला, काठ्या दोऱ्यांत खोवल्या, आणि बस स्टॉपकडे चालत गेला. आमच्याबरोबर गाडीत आला नाही.

कप्तानाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढे तो कधीच खेळला नाही. लॅबमध्ये कुबड्या घेऊन यायचा. मी त्याच्यासाठी दार उघडायचो, कॉफी आणायचो, त्याची जड पुस्तकं लायब्ररीत पोचवायचो. सगळे म्हणायचे, काय भला माणूस आहे. एके दिवशी कॉफी घेता घेता तो म्हणाला, "तुझ्या मित्राला सांग, माझ्या मनात काही नाही. चूक कोणाचीही होते."

मी म्हणालो, "सांगतो."

आणि मी खरंच सांगितलं! हे मला अजून समजत नाही. न सांगता राहू शकलो असतो. शेवटची मॅच दोन आठवड्यांनी होती. तिच्या आदल्या संध्याकाळी मित्र ओट्याशी भाजी चिरत होता. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. मी टेबलाशी उभा राहून म्हणालो, "कप्तान म्हणाला, त्याच्या मनात काही नाही."

सुरी थांबली. "म्हणजे मला माफ केलं?"

"तसं नाही..."

"बरं झालं." तो हसला. तसं हसताना मी त्याला त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "आणखी काही?"

आणखी काही होतं. त्यासाठीच मी आलो होतो. "उद्या शेवटची मॅच आहे. लोक येणार आहेत. तू येणार नसशील तर... ड्रम देतोस का?"

त्याने हात धुतले, नॅपकिनला पुसले, खोलीत गेला. ड्रम आणून माझ्या दारासमोर ठेवला. काठ्याही वर ठेवल्या, शिस्तीत, एकमेकींना समांतर. परत येऊन भाजी चिरू लागला. त्या रात्री तो मला जेवायला हाक मारायला विसरला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी वाजवलं. भिकार वाजवलं. काका म्हणाले, "छान! आता ताळमेळ बसला."

महिन्याभरात तो दुसरीकडे राहायला गेला. डिग्री घेऊन टेक्सासला, अर्विंगला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. कप्तान इंग्लंडला परतला. संघ पुढच्या वर्षी मोडला. मी मात्र इथेच राहिलो. मंडळाचा सेक्रेटरी झालो, नंतर अध्यक्षही. माणसं जमवायची, त्यांना एका सुरात आणायचं, यात माझा हातखंडा आहे असं लोक म्हणतात. ते ऐकलं की मी म्हणतो, "छे हो, सगळ्यांचं सहकार्य."

पन्नाशी उलटल्यावर मी त्याला फोन केला. नंबर एका समाईक ओळखीच्याकडून मिळवला होता. तो खिशात ठेवून आठ महिने हिंडलो. त्याने फोन उचलला तेव्हा मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

"बोल," तो म्हणाला. जणू गेल्या आठवड्यात भेटलो होतो.

हालहवाल झाली नाही. मी एकदम म्हणालो, "त्या दिवशी आकडा मी चुकवला होता. मुद्दाम."

नळ बंद झाला. "हे तू मला सांगतोस? ड्रम माझ्या गळ्यात होता बे. मी काय वाजवलं ते मला माहीत नसेल?"

"तरी सांगायचं होतं."

"मग सांगितलंस. हलकं वाटलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघ, ज्याला माहीत आहे त्याला सांगणं सोपं असतं. तिथे तुमची सगळी मंडळी होती. त्यांच्या लेखी मी अजून तोच आहे, ज्याला सहापर्यंत मोजता आलं नाही. इथे माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून औषधं बाजारात जातात, आणि तिथे कोणाच्या तरी कोजागिरीला माझा किस्सा होतो. होतो की नाही? खरं सांग."

होत होता. दरवर्षी नाही, पण होत होता. मी स्वतः तिथे बसलेलो असताना होत होता.

"हो," मी म्हणालो.

"मग मला फोन करून काय उपयोग?" तो म्हणाला. रागाने नाही. मग मुलीला कॉलेजला सोडायला जायचंय म्हणाला आणि फोन ठेवला.

कप्तानाच्या जुन्या पत्त्यावर मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. काका तर वारले होते. उरलेल्यांपैकी बरेच जण गेल्या कोजागिरीला काकूंच्या घरी जमले. जेवणं व्हायच्या आधीच मी उभा राहिलो. लोकांना वाटलं, वर्गणीचं असेल. मी सांगितलं. वरचं सगळं नाही. एवढंच, की तिसऱ्या पकडीला मी चार म्हणालो, मुद्दाम म्हणालो, त्याने नको म्हणून सांगितलेलं असताना म्हणालो, त्याचा ठोका बरोबर होता, आणि आपण सगळे इतकी वर्षं ज्याच्यावर हसत आलो त्याने एकही चूक केली नव्हती. आणि कर्णा मी मांडीमागे लपवला, तेही.

एक जण म्हणाला, "अरे यार, मला वाटलं काय झालं! खेळातली गोष्ट, इतकी वर्षं झाली. बस खाली."

दुसरा म्हणाला, "पण आयडिया भारी होती हां."

हसू फुटलं. कोणाच्या तरी अमेरिकेत वाढलेल्या सुनेने इंग्रजीत विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" तिला कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. माझ्याकडे होतं, पण ते या सगळ्यांच्या अंगावर जाणारं होतं: मला माहीत होतं की तुम्ही त्याच्याबद्दल ते लगेच खरं मानाल. मी फक्त गप्प राहिलो, बाकीचं तुम्ही केलंत. हे उत्तर मी तिथे दिलं नाही, इथे देतोय.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्या हसल्या नव्हत्या.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे काकू."

"लाव."

"आत्ता? ते जेवत असतील..."

"लाव म्हटलं ना. 'मला वाटतच होतं' असं म्हणाले होते मी. तो बाजूलाच उभा होता. मला काहीसुद्धा वाटत नव्हतं रे. यांनी म्हटलं म्हणून मी म्हटलं."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि झोपायच्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर कोणी तरी ताटं मांडायला घेतली. मी त्या दाराबाहेर उभा राहिलो. आतून आधी काकूंचा आवाज येत होता, मग बराच वेळ आला नाही. म्हणजे तो बोलत असणार.

वीसेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या. फोन माझ्या हातात दिला. कट झालेला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"ते मला म्हणाला, तुला नाही," काकू म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.